साडेपाच किलो

वहीत नोंद आहे बाबांच्या हातची, शाई चहासारखी झालेली:
ड्रिल मशीन एक. रुपये सातशे ऐंशी.
तेव्हा मेस्ताचा रोज सहा रुपये.
म्हणजे एकशे तीस दिवस.
हा भागाकार मी अधूनमधून पुन्हा करते,
उत्तर तेवढंच येतं.

नोंद नाही ती अशी,
की रापणीतला आमचा वाटा त्यांनी त्या साली विकला.
पुढे सात वर्षं सर्जेकोटच्या पुळणीवर
रापण ओढली की घरोघर टोपली जायची
आणि आई पैसे मोजून बांगडे आणायची.
"आमचो वाटो त्या लोखंडान खाल्ल्यान," म्हणायची,
आणि दिवेलागणीला खोबरेलाचं बोट
त्याच्या चकावरून फिरवायची.
खारं वारं बिजागऱ्या खातं, कुलपं खातं,
छपराचे पत्रे तर दर तीन वर्षांनी.
ते एवढं त्याला पचलं नाही.

आजोबा सामत्याने भोकं पाडायचे, दोरी ओढत.
मशीन बघून म्हणाले, "ह्यां किती दिस टिकतला?"
आजोबा गेले. सामता वाळवीने खाल्ला.

कार्बन झिजले की वेंगुर्ल्याला, इनास फर्नांडिसकडे.
तो टॉर्चच्या मेलेल्या सेलमधली काळी कांडी
कानशीने घासून बसवायचा, चार आणे घ्यायचा.
पठाणाच्या आईनातून, वाकांतून, फणसाच्या फळ्यांतून
ते गुरगुरत आरपार जायचं
आणि शेजारचा रेडिओ खरखरायचा.

अंगाने सगळं लोखंड.
एका जूनमध्ये ओल्या पायांच्या जनू खवणेकरला
त्याने असं फेकलं, की पुढे जन्मभर
भाकरी मोडताना त्याचा डावा हात थरथरायचा.
हेही वहीत नाही.

माझ्या हातची पानं पुढची.
आठ वर्षांत पाच मशीनं. हिरवं, पिवळं, परत हिरवं.
एक बत्तीसशेला. माझा माणूस रोज अकराशे घेतो.
पाची मिळून पंधरा दिवससुद्धा भरत नाहीत.
वहीला विचाराल तर स्वस्तच पडली.
शॉक नाही, आणि माझ्या दुखऱ्या मनगटाला पेलतात,
हे कबूल करते.
बंद पडलं की मालवणातला दुकानदार
उघडूनही बघत नाही: "ताई, नवीन घ्या."
उघडणार कुठून, स्क्रूच नाहीत, सांधा चिकटवलेला.

बॅटऱ्या पोत्यात साठल्यात. भंगारवाला नको म्हणतो.
एक कुणीतरी खाडीत टाकली होती.
ओहोटीला दिसली, खडकाच्या बेचक्यात.
आजूबाजूला कालवांना जागा पुरत नव्हती,
तिच्यावर एक बसलेलं नव्हतं.

आणि आता होड्या साच्यातून निघतात, फायबरच्या.
अर्ध्या इंचाहून मोठं भोक कुणी मागत नाही.
म्हाताऱ्याला मरण आलं नाही, फक्त
त्याच्या जोगतं लाकूड संपलं.

परवा तारकर्लीचा एक होमस्टेवाला आला, निनाद नावाचा.
भिंतीवर टांगायला पाहिजे म्हणाला. सहा हजार देतो.
मी मनात भागलं. साडेपाच दिवस.
किलोला एक.

म्हटलं, आधी चालतं का ते बघा. चपला घाला.
बटण दाबलं तसा घरातला दिवा मंदावला,
जळक्या धुळीचा वास सुटला,
आणि त्याचा हात वजनाने गुडघ्यापर्यंत गेला.
मी काढून घेतलं, दोन्ही हातांनी,
ओट्याखालच्या फणसाच्या ओंडक्याला टेकवलं.
हळदीसारखा भुसा पायांवर पडत राहिला.
मनगट रात्रभर ठणकणार, हे माहीत होतं.

"कशासाठी पाडलंत?" त्याने भोकात बोट घालून विचारलं.
बोट चटका बसून बाहेर आलं.

त्याला काही सांगितलं नाही. परवा फोन करा, म्हटलं.
वायर गुंडाळली.
खोबरेल संपलं होतं, म्हणून गोडं तेल लावलं.